शेवटचं ताट कुणाचं?

मुलांनो, आज तुम्हाला एक साधा प्रश्न विचारते. गणिताचा नाही आणि सामान्यज्ञानाचाही नाही. सांगा पाहू, तुमच्या घरी रात्री सगळ्यात शेवटी कोण जेवतं?

बहुतेक जण म्हणतील, आई. काहींच्या घरी आजी असेल, काहींच्या घरी काकू किंवा वहिनी. एखाद्या घरी बाबाही असतील. अशा बाबांना माझा नमस्कार! पण आपण त्यांना बोटांवर मोजू शकू, खरं ना?

आता दुसरा प्रश्न. शेवटी जेवणाऱ्या त्या माणसाच्या ताटात काल काय काय होतं? इथे मात्र पुष्कळांना डोकं खाजवावं लागेल. कारण ती जेवायला बसते तेव्हा आपण हात धुऊन कधीच उठलेले असतो. कुणी टीव्हीपुढे, कुणी मोबाईलवर, तर कुणी उद्याच्या गृहपाठात. तिचं ताट पाहायला तिथे कुणी नसतंच.

मी दोन मुलांची आई. मोठी नववीत आहे आणि धाकटा पाचवीत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी एका लग्नाला गेलो होतो. परत येताना मोठीने एस.टी.त मला विचारलं, "आई, पहिल्या पंगतीला सगळे दादा बसले, लहान मुलगेही बसले. आम्ही मुली मात्र वाढत होतो. आमची पंगत बसली तेव्हा भाजीत नुसता रस्सा उरला होता. असं का गं?"

मी म्हटलं, "पद्धत आहे तशी."

ती म्हणाली, "पद्धत आहे हे कळलं गं. पण कारण काय?"

प्रश्न चोख होता. गाडी घाट चढत होती आणि धाकटा खिडकीशी झोपला होता. आम्ही दोघी मग उत्तर शोधत बसलो. त्यातूनच हा लेख झाला, असं म्हणा ना!

पद्धत आली कुठून?

या पद्धतीला एके काळी थोडंफार कारण होतं. चूल लाकडाची, घरात दहा-पंधरा माणसं, आणि भाकरी खायची ती तव्यावरून उतरलेली. एका माणसाला चुलीपाशी बसावंच लागे. जो चुलीपाशी, तो शेवटी. आणि चुलीपाशी कोण, तर घरातल्या बायका. त्यांच्यातही सासू आधी आणि सून मागून.

आता पुष्कळ घरांत गॅस आहे आणि पोळ्या मऊ ठेवणारा डबा आहे. घरात माणसं चार किंवा पाच. सगळं रांधून, झाकून, एकदम बसता येतं. म्हणजे कारण गेलं, सवय मात्र मागे राहिली. पाहुणे निघून जावेत आणि त्यांची छत्री आपल्याकडे राहावी, तसंच काहीसं!

तुम्ही म्हणाल, "मागून जेवली तर बिघडलं काय? अर्ध्या तासाचा तर प्रश्न!" अर्ध्या तासाने खरंच काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच गोष्टीने. ती गोष्ट कळायला जरा स्वयंपाकघरात डोकवावं लागतं.

आधी काय संपतं?

एक दिवस नीट बघा. जेवणात सगळ्यात आधी काय संपतं? अंडाकरी असेल तर अंडी. मासे असतील तर तुकड्या. मटकीची उसळ असेल तर मटकी. पालेभाजी चविष्ट झाली असेल तर ती. कोशिंबीर तर बघता बघता फस्त होते. आणि शेवटी उरतं काय? भात, दोन पोळ्या, आमटीचं वरचं पाणी. जोडीला लोणच्याची फोड. शिवाय सकाळची शिळी भाजी आणि धाकट्याने ताटात टाकलेला भात, कारण अन्न वाया घालवायचं नाही.

म्हणजे शेवटी बसणाऱ्या माणसाचं पोट भरतं. ते उपाशी राहत नाही. पण पोट भरणं वेगळं आणि शरीराला हवं ते मिळणं वेगळं. जे आधी संपतं त्यातच प्रथिनं असतात, जीवनसत्त्वं असतात आणि लोह असतं. हे रोज थोडं थोडं हुकत गेलं की वर्षाकाठी केवढी तूट येईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

लोहाचं काय काम?

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. म्हणजे एखाद्या खिळ्याइतकं! पण त्यावाचून चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. तो बनवायला लोह लागतं. फुप्फुसातला प्राणवायू उचलायचा आणि मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा, हे त्याचं काम. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग तिच्या जागी नवी येते. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायूची ने-आण कमी. यालाच ॲनिमिया किंवा रक्तक्षय म्हणतात.

अशा माणसाला जिना चढताना धाप लागते. डोकं दुखतं, थकवा येतो, चिडचिड होते. अभ्यासात लक्ष लागत नाही. खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग फिका दिसतो. आणखी एक गंमत वाटावी अशी खूण आहे, पण ती गंमत नव्हे हं! काहींना माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. तुमच्या वर्गात कुणी पेन्सिल खात असेल तर त्याला हसू नका आणि तिला चिडवूही नका. घरी सांगायला सांगा.

हे दुखणं किती जणांना आहे? २०१९-२१ मध्ये देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या शंभर पुरुषांत हा आकडा होता २५. आणि १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तर शंभरात ५९! आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायकांना तो होता.

याला एकटं शेवटचं ताट कारणीभूत आहे, असं मी म्हणणार नाही. बायकांना दर महिन्याला पाळी येते, त्यात रक्त जातं. बाळंतपणात लोह खर्च होतं. पोटातले जंतही रक्त पितात. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी रक्तक्षय होतो. पण नीट बघा, बायकांना लोहाची गरज पुरुषांपेक्षा जास्त. मग ज्या माणसाला जास्त हवं, त्यालाच उरलंसुरलं मिळतं! दुकानात असा उलटा हिशोब आपण चालवून घेऊ का?

पोहे, लिंबू आणि चहा

लोह म्हटलं की पुष्कळ जण बीट आणतात. बीट लाल, रक्त लाल, म्हणून बिटाने रक्त वाढतं, असा समज. बीट खा, चांगलंच आहे, पण त्यात लोह बेताचंच असतं. गुळातही असतं, पण फार नाही. त्यापेक्षा राजगिरा, माठ, मेथी अशा पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, तीळ आणि अळीव यांच्याकडे वळा. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली जुनी रीत शहाणपणाची आहे. पण ते लाडू बाळंतिणीनेच खावेत, असा काही कायदा नाही. नववी-दहावीच्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनीही खावेत. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीराला जास्त सहज घेता येतं.

धान्य-भाज्यांतलं लोह मात्र जरा लाजाळू असतं. त्याला सोबत लागते. ती सोबत म्हणजे क जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांत ते भरपूर. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळायचं ते नुसतं चवीसाठी नाही. आणि त्याच पोह्यांबरोबर आपण काय पितो? चहा! चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि शरीराला घेऊ देत नाहीत. लिंबाने दिलेलं चहाने काढून घेतलं, असा प्रकार होतो. म्हणून जेवण-नाश्ता आणि चहा यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवावं. आमच्या घरी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता पोहे कोरडेच गिळायचे का?" मग पोह्यांबरोबर ताक आलं आणि चहा अकरा वाजता सरकला. अजून तरी कुणाची तक्रार नाही.

भाजी लोखंडी कढईत केली तर त्यातलंही थोडं लोह अन्नात उतरतं. आजीची काळी कढई माळ्यावर पडली असेल तर खाली काढा.

तिच्याकडे वेळ असतो का?

ताटाइतकीच दुसरी गोष्ट वेळेची. २०२४ मध्ये सरकारने एक पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे त्यात विचारलं होतं. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या. म्हणजे जवळपास पावणेपाच तासांच्या वर! आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. इतकं करून शेवटी ताटावर बसणारं माणूस निवांत जेवेल तरी कसं? चार घास पोटात ढकलले की ओटा पुसायचा असतो, दूध विरजायचं असतं आणि सकाळच्या डब्याची भाजी निवडायची असते.

म्हणून आम्ही घरी तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हालाही जमतील.

पहिली, सगळी ताटं एकदम वाढायची. भाजी आणि उसळ आधी सगळ्यांच्या ताटात समान पडते, मग मागून हवी त्याने हवी तितकी घ्यायची. घरी यायला कुणाला उशीर होणार असेल तर त्याचा वाटा आधीच झाकून ठेवायचा. तळाशी उरलेला वाटा नव्हे, पहिला वाटा!

दुसरी, मधे कुणाला काही लागलं तर ज्याला लागलं त्याने उठायचं. पहिल्या दिवशी धाकटा मिठासाठी हाका मारत राहिला. चौथ्या दिवशी त्याला मिठाचा डबा सापडला. डबा गेली दहा वर्षं तिथेच आहे!

तिसरी, जेवणानंतरची कामं वाटून घ्यायची. मोठी ताटं उचलते, धाकटा पाणी भरतो आणि यांच्याकडे ओटा. ओटा सुरुवातीला कोपऱ्यात ओलाच राहायचा. कुणी काही बोललं नाही. आता चकचकीत असतो.

"मला भूक नाही"

एक अडचण मात्र तुम्हाला येणार. तुम्ही म्हणाल, "आई, बस ना जेवायला!" आणि आई म्हणेल, "तुम्ही बसा रे, मला भूक नाही." किंवा, "मला नाही आवडत अंडं." तेव्हा लगेच विश्वास ठेवू नका. कधी तिला खरंच भूक नसेल. पण कधी अंडी पाच आणि माणसं सहा असतात. तेव्हा "आवडत नाही" हे आवडीनिवडीचं उत्तर नसतं, ते वजाबाकीचं उत्तर असतं. अशा वेळी वाद घालू नका. अंडी अर्धी करा.

आणि आयांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. आपल्याला त्यागाची मूर्ती वगैरे म्हणतात, बरं वाटतं ऐकायला. पण आपल्या मुली आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात. आपण तळाची भाजी घेतली की त्यांना वाटतं, बाईची भाजी तळाचीच असते. आणि मुलग्यांना वाटतं, वरची आपली. दोघंही हे कुणी न शिकवता शिकतात. मुलीला "पोटभर खा गं" असं शंभरदा सांगण्यापेक्षा तिच्या शेजारी बसून आपण पोटभर जेवलेलं जास्त उपयोगी पडतं.

रक्त तपासायला फार खर्चही येत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. बायकांचं आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचं हिमोग्लोबिन निदान १२ असावं, त्याहून लहान शाळकरी मुलांचं साडेअकरा आणि पुरुषांचं १३. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. नुसत्या आहाराने मोठी तूट लवकर भरून येत नाही. मुलांनो, शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ना? ती दप्तरात लपवू नका. काहीतरी खाऊन मग घ्या. जंताची गोळीही चुकवू नका, आणि शेतात किंवा मातीत जाताना पायात चप्पल घाला.

तर या आठवड्यात एक काम करा. वहीच्या मागच्या पानावर सात दिवसांचा तक्ता आखा. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. रोज रात्री नावापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, कितव्या नंबरला जेवले आणि ताटात भाजी किंवा उसळ होती का. रविवारी तो तक्ता सगळ्यांसमोर ठेवा. भाषण करू नका. नुसता ठेवा, आणि सोमवारी सहा माणसं असतील तर सहा ताटं काढा.