मानेतील गाठी आणि परळमधील एक प्रयोग

पायाला जखम झाली आणि ती चिघळली, की जांघेत अवधाण येते. हाताला झाली तर काखेत येते. घसा सुजला, की जबड्याखाली दुखरी गाठ हाताला लागते. वर्गातील बहुतेक मुलांनी हे अनुभवलेले असते. या साध्या अनुभवाचा संबंध अशा एका प्रश्नाशी आहे, की ज्यावर जगभरच्या शल्यचिकित्सकांचे कित्येक दशके एकमत होत नव्हते. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर २०१५ साली मिळाले, आणि ते मुंबईत, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून मिळाले.

गाळणी आणि पहिला थांबा

केशवाहिन्यांतून पाझरलेला द्रव पेशींमधून फिरतो आणि बारीक नलिकांतून परत रक्ताकडे जातो. यालाच लसिका म्हणतात. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसिका ग्रंथी असतात. त्या गाळणीचे काम करतात. जंतू तेथे अडतात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात आणि ग्रंथी सुजते. हेच अवधाण.

तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांची लसिका मानेतील ग्रंथींकडे उतरते. या भागांत कर्करोग झाला, तर मूळ गाठीतून सुटलेल्या पेशीही बहुधा प्रथम तेथेच अडकतात. फरक इतकाच, की जंतू तेथे मरतात, तर कर्कपेशी तेथे वाढू लागू शकतात. म्हणून जिभेवरचा व्रण दाखवायला आलेल्या रुग्णाची मानही डॉक्टर चाचपून पाहतात.

वाद कशाचा होता?

मानेत गाठ लागली, तर जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबर मानेचीही शस्त्रक्रिया करायची, यात वाद नव्हता. पण रोग सुरुवातीच्या अवस्थेत आहे आणि मानेत काहीच लागत नाही, तेव्हा काय करायचे? तपासणीत सापडणार नाहीत इतक्या थोड्या कर्कपेशी ग्रंथींत दडलेल्या असू शकतात. अशा दहा रुग्णांत साधारण तिघांच्या ग्रंथींत त्या असतात.

एक पक्ष म्हणे, ग्रंथी आधीच काढून टाका. दुसरा म्हणे, मग उरलेल्या सात जणांवर विनाकारण शस्त्रक्रिया होईल. मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली, तर हात वर उचलणे अवघड होते. त्यापेक्षा लक्ष ठेवा आणि गाठ दिसली की काढा. दोन्ही बाजू तर्काला धरूनच होत्या.

मग जुन्या नोंदी काढून तुलना का करू नये? कारण त्या फसवू शकतात. समजा, ज्यांचा रोग अधिक वाटला त्यांच्याच ग्रंथी डॉक्टरांनी काढल्या असतील, तर त्या गटात मृत्यू अधिक दिसतील आणि दोष शस्त्रक्रियेवर येईल. तुलना करायची, तर दोन्ही गट मुळात सारखे हवेत.

नाणेफेकीची युक्ती

सारखे गट करण्याचा उपाय वर्गात करून पाहता येतो. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नाणे उडवा. छाप पडला तर तो एका गटात, काटा पडला तर दुसऱ्या. मग दोन्ही गटांची सरासरी उंची काढा. उंचीचा विचार न करताही त्या बऱ्याच जवळ येतात. दहा मुलांत फरक मोठा पडू शकतो. शंभर मुले घेतली, तर तो बहुधा कमी होतो. वजन, वय, आपण मोजलेही नाहीत असे गुण, सारेच असे वाटले जातात. म्हणून चिठ्ठी टाकून गट पाडायचे, आणि संख्या मोठी घ्यायची.

माणसांच्या जिवाच्या बाबतीत चिठ्ठी टाकणे योग्य आहे काय? कोणता उपचार सरस हे खरोखरच ठाऊक नसेल आणि रुग्णाने समजून संमती दिली असेल, तरच ते योग्य ठरते. शिवाय निकालावर एक वेगळी समिती नजर ठेवते आणि फरक स्पष्ट झाला की प्रयोग थांबवायला सांगते.

परळमध्येच का?

मोठी संख्या परळला होती, हीच दुःखाची गोष्ट. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ सालीच तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. तंबाखू चघळणाऱ्या, मशेरी लावणाऱ्या आपल्या समाजात हा रोग इतका आहे, की अनेक देशांत क्वचित दिसणारे रुग्ण येथे रोज रांगेत उभे असतात.

डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना या प्रयोगात घेतले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. २४५ जणांच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या होत्या; २५५ जणांवर लक्ष ठेवून, गाठ दिसल्यावरच काढल्या. पहिल्या गटात ८१ जणांचा रोग उलटला, दुसऱ्यात १४६ जणांचा. तीन वर्षांनंतर जिवंत असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्यात ६७.५ टक्के निघाले.

फरक १२.५ टक्क्यांचा, म्हणजे आठांत एक. आठ रुग्णांच्या ग्रंथी आधीच काढल्या, तर त्यांतला एक जादा माणूस वाचतो. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. ठाऊक असलेलीच शस्त्रक्रिया कधी करायची, एवढेच ठरले. शिवाय ‘लक्ष ठेवू’ म्हणणे सोपे असले, तरी त्यासाठी दूरच्या गावच्या माणसाला मजुरी बुडवून, भाडे खर्चून वारंवार परळ गाठावे लागते. आपल्याकडे तर हे उत्तर अधिकच मोलाचे आहे.

शाळेचा वाटा

हा लाभ मात्र रोग सुरुवातीला सापडला तरच मिळतो, आणि आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा येतात. येथे शिक्षकांचे काम सुरू होते. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, गालावर आतून पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, आवाज तेवढेच दिवस बसलेला राहिला, गिळताना अडखळू लागले, किंवा मानेत न दुखणारी गाठ वाढू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जात नसतील, तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठरली असण्याची शंका घ्यावी. ही तपासणी मुलांना शिकवली, तर ती घरी जाऊन आजी-आजोबांचीही करतील.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून हे अंतर मुलांकडून टेपने मोजून घ्यावे. पुढचा धडा त्या अंतरात काय सापडते, त्यावरून ठरेल.