मुंबई ते नागपूर विमानानं किती वेळ लागतो? तिकिटावरच्या दीड तासामागचं गणित समजून घ्या

मुंबई-नागपूर विमानाचं तिकीट काढलं की त्यावर साधारण दीड तासाचा प्रवास दिसतो. पण नागपुरात सकाळी परीक्षा, हायकोर्टात तारीख किंवा दवाखान्यात जवळचं माणूस असेल, तर फक्त या दीड तासावर विसंबून चालत नाही.

अंतर नेमकं किती?

हे तुम्ही कसं जाता त्यावर ठरतं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. रेल्वेनं सीएसएमटी ते नागपूर हे अंतर ८३७ किलोमीटर भरतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो मुंबईत नाही, तर भिवंडीजवळ आमणे इथं संपतो.

मग ६८० किलोमीटरला दीड तास का?

ताशी ८०० किलोमीटर वेगानं हे अंतर पाऊण तासाच्या आसपास संपायला हवं. पण विमान हा वेग उंचीवर गेल्यावरच गाठतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि नागपुरात जागेवर थांबेपर्यंत मोजला जातो. रनवेकडे जाणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यातच येतं.

मुंबईत ही रांग मोठी असते. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला मदत होते, तर परतताना थोडा जास्त वेळ लागू शकतो.

घरापासून कामापर्यंत किती?

समजा, दादरहून निघून सकाळी ११ वाजता नागपुरात पोहोचायचं आहे. आता उलटं मोजा. विमानतळाबाहेर पडून शहरात जायला एक तास धरला, तर १० वाजता उतरायला हवं. म्हणजे विमान ८.३० चं. दोन तास आधी, ६.३० ला विमानतळावर. घरातून निघायचं ५.३० ला. एकूण साडेपाच तास!

समृद्धीनं आमणे ते नागपूर साधारण आठ तास लागतात. त्यात दादर ते आमणे हा प्रवास वेगळा. म्हणजे विमानानं वेळ वाचतो, पण 'दीड विरुद्ध आठ' इतका नाही.

बुकिंग करताना काय पाहाल?

- विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे आधी तपासा.
- चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी बंद होतं.
- काम चुकवून चालणारं नसेल, तर एक विमान आधीचं घ्या किंवा आदल्या रात्रीच पोहोचा.