मैदानाच्या कडेनं (भाग 6) : पुसलेली रेषा

धान चुरून झालं आणि हातात चार पैसे खुळखुळायला लागले की झाडीपट्टीत तीन गोष्टींना ऊत येतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि या दोहोंच्या मध्ये जिथं जागा सापडेल तिथं कबड्डी. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, इकडे आरमोरी, वडसा, कुठल्याही गावाला हिवाळ्यात संध्याकाळी जा, शाळेच्या पटांगणावर हॅलोजन लागलेले दिसतील. मागच्या भागात आपण लोण बघितला. सातही गडी बाद झाले की दोन जास्तीचे गुण, आणि पुन्हा सगळे मैदानात. (आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, त्यामुळे इथं लोण नव्हे, 'लोन' पडतो. बँकेवाल्यांनी मनावर घेऊ नये.) आज मैदानावरच्या चौदा गड्यांना सोडून देऊ आणि कडेला बसलेल्या हजारभर माणसांकडे बघू.

ही माणसं बसतात कशी, ते आधी सांगतो. सगळ्यात पुढं मातीत पोट्टे. त्यांच्या मागं उकिडवे बसलेले बाप्ये, मग उभे असलेले, मग मोटारसायकलच्या सीटवर उभे राहिलेले, मग ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि शेवटी समाजमंदिराचं छत. बायका एका बाजूनं, बहुधा शाळेच्या ओट्यावर. बांबूला दोरी बांधून हद्द आखलेली असते, पण ती दोरी दुसऱ्या सामन्यापर्यंतच टिकते. तिसऱ्या सामन्यात दोरी पोट्ट्यांच्या पाठीमागं गेलेली असते आणि पोट्टे रेषेवर.

स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये जाळी असते, खंदक असतो, पोलीस असतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत बर्फावरची हॉकी खेळतात, तिथं तर मैदानाभोवती पारदर्शक भिंतच असते. त्या भिंतीमागून विद्यार्थी मनसोक्त ओरडतात. पाहुण्या संघावर गोल झाला की त्यांच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून सगळे एका सुरात 'चाळणी, चाळणी' करतात. मला हे चिडवणं आवडतं. त्यात गोलरक्षकाच्या आईबापाचा, जातीचा, गावाचा काही संबंध नाही. गोल गळला, म्हणून चाळणी. पण त्यांनी मैदानात काही फेकलं तर ताकीद मिळते, आणि तरी थांबले नाहीत तर शिक्षा यजमान संघाला होते. ओरडणारा मोकळा, खेळणारा दोन मिनिटं बाहेर. आमच्याकडे अशी भिंत नाही. चढाईवाल्याची पकड झाली आणि सगळे गडी एकावर एक कोसळले, की पहिल्या रांगेतल्या दोन-तीन पोट्ट्यांसह कोसळतात.

प्रेक्षक बिघडला की आपल्याकडे लगेच 'संस्कार' हा शब्द निघतो. शाळेत खिलाडूवृत्तीवर निबंध लिहून घेतले की झालं, असं समजणारे बरेच आहेत. मी पंचवीस हिवाळे पंच म्हणून शिट्टी फुंकली, आणि माझं मत वेगळं झालं आहे. माणसं हरण्यानं बिथरत नाहीत. आपल्याला फसवलं, असा संशय आला की बिथरतात.

याला क्रिकेटमधला एक जवळजवळ प्रयोगशाळेतला दाखला आहे. 31 जानेवारी 1999 ला चेन्नईत पाकिस्तानविरुद्धची कसोटी आपण 12 धावांनी हरलो. सचिननं 136 काढले होते, पाठ दुखत असताना. जिंकत आलेला सामना हातातून गेला. आणि प्रेक्षक काय करतात? पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारायला निघाला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवतात. तीनच आठवड्यांनी कोलकात्यात तेच दोन संघ. सचिन धाव घेताना शोएब अख्तरशी टक्कर झाली, बॅट रेषेत पोचायच्या आत यष्ट्या उडाल्या, आणि तिसऱ्या पंचानं त्याला बाद दिलं. बाटल्या उडू लागल्या. सचिन स्वतः बाहेर येऊन फेरी मारून लोकांना समजावून गेला, तेवढ्यापुरतं निवळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटलं आणि शेवटी पोलिसांनी प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या ईडन गार्डन्सवर सामना संपवला. चेन्नईकर संस्कारी आणि कोलकातावासी असंस्कृत, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मला एवढंच दिसतं की एका ठिकाणी पराभव स्पष्ट होता, दुसऱ्या ठिकाणी त्यावर शंकेचा डाग होता.

मुंबईचं वानखेडे तर जन्मतःच पेटलं होतं. जानेवारी 1975 मध्ये तिथली पहिली कसोटी. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं म्हणून एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला बदडलं. स्टेडियम खवळलं ते त्या मारामुळे. परक्या फलंदाजाचं कौतुक करणारा आपला पोरगा मार खातोय, हे लोकांना बघवलं नाही. आता माझ्या म्हणण्यात न बसणारं उदाहरणही सांगून टाकतो, नाहीतर कुणी ना कुणी काढेलच: 1996 च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, पुन्हा ईडन. आठ बाद 120. तिथं अन्याय कुणी केला नव्हता, नुसती घसरगुंडी होती, तरी आगी लागल्या. सामना श्रीलंकेला बहाल करणारे सामनाधिकारी कोण होते? हेच क्लाइव्ह लॉइड. भारतीय प्रेक्षकांची दोन्ही रूपं या माणसाइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली असतील.

परत मातीवर येऊ. कबड्डीत संशयाला जागा ठेवणारी एक पट्टी आहे, लॉबी. मैदानाच्या दोन्ही बाजूंना मीटरभर रुंदीची. चढाईवाल्याचा कुणाला स्पर्श होईपर्यंत ती हद्दीबाहेर. तिच्यात पाय पडला की बाद. झटापट सुरू झाली की तीच पट्टी हद्दीत येते, पण फक्त झटापटीत असलेल्यांसाठी. म्हणजे एकच जागा एका क्षणी बाहेर, दुसऱ्या क्षणी आत. खेळलेल्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं असतं. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या माणसाला एवढंच दिसतं की आपला पोरगा लॉबीत गेला तर शिट्टी वाजली, आणि त्यांचा गेला तर नाही वाजली. तो चिडणार नाही तर काय करेल? टीव्हीवरच्या प्रो कबड्डीत दाद मागता येते, मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवतात, लोक 'अच्छा' म्हणून गप्प बसतात. गावात पडदा नाही. गावात माईकवाला आहे.

माझीच चूक सांगतो. ब्रह्मपुरी तालुक्यातलं एक गाव, रात्रीचे साडेअकरा. यजमान संघ एका गुणानं मागं. त्यांचा गडी चढाईला गेला, दोघांना शिवला, आणि कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा पाय धरला. खेचाखेची लॉबीत आली. माझ्या बाजूला. मी त्याला रेषेबाहेर गेला म्हणून बाद दिलं. हजार माणसं एकदम उठली. तेव्हा मी खाली बघितलं, तर तिथं रेषाच नव्हती. फक्कीचा पांढरा पट्टा दोन हातभर पुसलेला, आणि समोर बसलेल्या तीन पोट्ट्यांच्या चड्ड्या मागून पांढऱ्याफटक. ज्या रेषेवरून मी निर्णय दिला ती आता त्यांच्या बुडाला होती. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. आमचे त्या दिवशीचे सरपंच गोंधळलेले, आणि गावचा खरा सरपंच दोरी ओलांडून आत आलेला.

तेवढ्यात माईकवाला बोलला. दिवसभर बक्षिसं देणाऱ्यांची नावं वाचून त्याचा घसा बसला होता. "थांबा जी, थांबा. रेघ कोन पुसली? आपल्याच पोट्ट्यायनं पुसली. त्याच्या चड्डीले पाहा. पंचाले काऊन बोलता गा? रेघ नाई तं पंच काय नाकानं पाहीन?" हशा पिकला. मग त्यानं एक गोष्ट केली जी मला तोवर सुचली नव्हती: लॉबीचा नियम दोन वाक्यांत सांगितला. कधी आत, कधी बाहेर. लोक ऐकत होते. सरपंचानं (आमच्या) चढाई रद्द करून पुन्हा घ्यायला लावली, मी रेषा उजळेपर्यंत उभा राहिलो, आणि फक्की मारायला धावले तेच तीन पोट्टे.

तेव्हापासून जिथं माझं चालतं तिथं मी दोनच गोष्टी मागतो. दोरी रेषेपासून निदान चार पावलं लांब, आणि माईक अशा माणसाच्या हातात ज्याला नियम येतो आणि ज्याला गाव ओळखतं. पाहुण्या पंचानं शांत राहायला सांगितलं तर लोक आणखी ओरडतात. एप्रिल 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईकरच आपल्या कप्तानाची, हार्दिक पंड्याची हुर्यो उडवत होते. नाणेफेकीला संजय मांजरेकरांनी नीट वागा म्हणून सांगितलं, त्यानं काही झालं नाही. ज्याचं कप्तानपद गेलं म्हणून हा राग होता, त्या रोहित शर्मानं सीमारेषेजवळून हातानं 'पुरे' अशी खूण केली. ती खूण करण्याचा हक्क फक्त त्यालाच होता.

पण एक प्रकार या सगळ्यात बसत नाही, आणि तो आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत जास्त दिसतो. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, त्याआधी आमची कॉलेजं नागपूरला जोडलेली होती. आता भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याकडची मुलं चंद्रपूरच्या मुलांसमोर खेळतात. एसटीनं येतात, सोबत प्रेक्षक नसतात. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या सामन्यात मी गुणलेखक होतो. दक्षिणेकडून आलेल्या संघाचा कप्तान चढाईला निघाला की मागच्या बाकांवरून एक शब्द यायचा, जंगली. पहिल्यांदा दोघं-तिघं, मग सगळे, टाळीच्या ठेक्यावर. इथं कुणाची फसवणूक झाली नव्हती. यजमान संघ जिंकत होता. रेषा ठसठशीत होत्या, दोरी जागेवर होती. माईक एका प्राध्यापकाच्या हातात होता आणि ते पाहुण्यांचं स्वागत करत होते. मी टेबलाशी बसून गुण मांडत राहिलो.

सामना संपल्यावर दोन्ही कप्तानांनी गुणपत्रिकेवर सही करायची असते. तो आला, घाम पुसत. मी पेन पुढं केलं. त्यानं सही करायच्या आधी कागद आपल्याकडे फिरवला आणि ओळीवरून बोट फिरवत वर गेला.

"सर, दुसऱ्या हाफमधल्या लोणाचे दोन गुण लिहिलेत ना?"

लिहिले होते. त्यानं मोजून बघितले, मग सही केली.