आखाड्यातील पहिली सामग्री : मूल्यविचाराचे एक उदाहरण

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळाची चर्चा विद्यापीठीय पत्रिकेत, आणि तीही भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने करावी, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या शास्त्राने खेळाचा दृष्टान्त पूर्वीच आपलासा केलेला आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांची जी व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत भाषेची तुलना बुद्धिबळाशी केलेली आढळते. सोंगटी लाकडाची आहे की हस्तिदंताची, यास महत्त्व नाही. पटावरील इतर सोंगट्यांशी तिचा जो संबंध असतो त्यातूनच तिचे मूल्य ठरते, असा त्या तुलनेचा आशय आहे. 'मूल्य वस्तूत नसते, संबंधात असते' हे तत्त्व विद्यार्थ्यांस सांगणे सोपे, परंतु पटविणे कठीण असते. प्रस्तुत लेखकास त्याचे एक ठळक उदाहरण अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते असे की, दूरस्थ खेळाडूंशी द्वंद्व करण्यासाठी आखाड्यात उतरणाऱ्या नवख्याने प्रथम कोणती सामग्री मिळवावी?

१. खेळ आणि आखाडा

ज्या खेळाच्या आधारे हे विवेचन करावयाचे आहे तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' होय. ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन संस्थेने तो नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केला. यात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, पुरोहित, छुपा मारेकरी अशा एखाद्या वर्गाचे पात्र धारण करतो आणि शिरस्त्राण, चिलखत, शस्त्र, अंगठ्या इत्यादी वस्तू त्यास चढवितो. या सर्व वस्तूंस मिळून येथे 'सामग्री' म्हटले आहे. प्रत्येक वस्तूवर काही अंक नोंदलेले असतात व त्यांनी पात्राचे निरनिराळे गुण वाढतात.

या खेळात दोन प्रकारचे प्रतिपक्षी असतात. एक, यंत्राने चालविलेले राक्षस. दुसरे, आपल्यासारखेच हाडामांसाचे खेळाडू. जानेवारी २००७ मध्ये 'द बर्निंग क्रुसेड' हा विस्तार प्रसिद्ध झाला आणि त्याबरोबर दुसऱ्या प्रकारच्या लढतीसाठी आखाडा निर्माण झाला. दोन, तीन किंवा पाच खेळाडूंच्या तुकड्या समोरासमोर येत. दरवाजा उघडण्यापूर्वी तयारीसाठी एक मिनिट मिळे. आणि एका पक्षाचा शेवटचा गडी पडेपर्यंत लढत चाले. पुढील सर्व हिशेब याच काळातील, म्हणजे पात्राची परमावधी ७० व्या पातळीवर होती त्या वेळच्या नियमांचे आहेत. जून २००१ नव्हे, तर जून २०२१ मध्ये हाच विस्तार जुन्या स्वरूपात पुन्हा खुला करण्यात आला, तेव्हा प्रस्तुत लेखकास तो प्रत्यक्ष खेळून पाहता आला.

२. एकच अंक, दोन मूल्ये

नवख्या खेळाडूपाशी प्रारंभी जी सामग्री असते ती बहुधा राक्षसांशी लढून मिळविलेली असते. ती दिसावयास भारदस्त असते. तिच्यावरील अंकही मोठे असतात. म्हणून 'हीच घालून आखाड्यात जावे' असे त्यास वाटते. ही समजूत कोठे चुकते हे पाहण्यासाठी 'अचूकता' हा गुण घेऊ.

प्रमुख राक्षस खेळाडूपेक्षा तीन पातळ्यांनी वरचा धरला जाई. त्याच्यावर शस्त्राने केलेल्या १०० विशेष प्रहारांपैकी ९ प्रहारांचा नेम चुके. हे ९ प्रहार वाया जाऊ नयेत म्हणून सुमारे १४२ अंकांची अचूकता लागे. उलट, समान पातळीच्या मानवी प्रतिस्पर्ध्यावर नेम चुकण्याचे प्रमाण केवळ ५ होते व ते नाहीसे करण्यास ७९ अंक पुरत. अर्थात राक्षसासाठी जमविलेल्या १४२ अंकांपैकी ६३ अंक आखाड्यात पाऊल टाकताक्षणीच निरर्थक होत. वस्तू तीच, तिच्यावरील आकडाही तोच. परंतु समोरचा पक्ष बदलला आणि मूल्य गेले. एका बोलीत अर्थभेद करणारा ध्वनी दुसऱ्या बोलीत केवळ उच्चारभेद ठरावा, तसाच हा प्रकार आहे.

३. चिवटपणाचा हिशेब

याच्या नेमकी उलट गोष्ट 'रेझिलियन्स' या गुणाची. त्यास आपण 'चिवटपणा' म्हणू. आखाड्याबरोबरच हा गुण खेळात आला. खेळात काही प्रहार दैवयोगाने मर्मी बसतात. शस्त्राचा असा मर्माघात नेहमीच्या दुप्पट इजा करी. चिवटपणाचे ३९.४ अंक झाले की आपणावर मर्माघात होण्याची शक्यता शेकडा १ ने घटे आणि झालेल्या मर्माघाताची इजा शेकडा २ ने कमी होई. राक्षसांशी लढताना बहुतेकांस या गुणाचा उपयोग जवळजवळ नव्हता; म्हणून त्या सामग्रीवर तो सहसा आढळत नसे.

उदाहरणादाखल असे समजू की, प्रतिपक्ष्याचा साधा प्रहार १००० ची इजा करतो आणि त्याच्या १०० प्रहारांपैकी ३० मर्मी बसतात. चिवटपणा शून्य असल्यास एका प्रहाराची सरासरी इजा १३०० होते. चिवटपणा १९७ असल्यास मर्माघाताचे प्रमाण २५ वर व त्याची इजा १८०० वर येते. सरासरी १२०० होते. चिवटपणा ३९४ झाल्यास प्रमाण २०, इजा १६०० आणि सरासरी ११२०. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, आरंभीच्या १९७ अंकांनी १०० ची बचत केली, तर पुढील तितक्याच अंकांनी ८० ची. म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला चिवटपणाचा पहिला अंश सर्वांत अधिक लाभदायक असतो. म्हणूनच नवख्याने एखाद्या उत्तम वस्तूसाठी महिनाभर थांबण्यापेक्षा चिवटपणा असलेल्या चार मध्यम वस्तू लगेच घ्याव्यात, हे श्रेयस्कर.

दुसरा निष्कर्ष सरासरीत दिसत नाही. आखाड्यात मनुष्य सरासरीने मरत नाही. लागोपाठ बसलेल्या प्रहारांनी मरतो. सलग तीन मर्माघात होण्याची शक्यता पहिल्या स्थितीत हजारात २७, तर तिसऱ्या स्थितीत हजारात ८ इतकी असते. शिवाय त्या तिन्हींची मिळून इजा ६००० ऐवजी ४८०० भरते. सरासरी इजा शेकडा १४ ने घटली असली, तरी आकस्मिक मरणाचा धोका त्याहून कितीतरी अधिक घटलेला असतो.

येथे अशी शंका घेता येईल की, त्याऐवजी नुसती प्राणशक्ती का वाढवू नये? स्टॅमिनाच्या एका अंकाने १० प्राणांक वाढत, हे खरे. आणि स्टॅमिना नकोच असे कोणी म्हणणार नाही. परंतु या दोन गुणांचे कार्य भिन्न आहे. प्राणशक्ती वाढविणे म्हणजे मोठा रांजण घेणे होय. चिवटपणा वाढविणे म्हणजे रांजणाची गळती कमी करणे. एकट्याने लढताना दोहोंत फार अंतर पडत नाही. पण आपल्या पक्षात जखमा भरून काढणारा पुरोहित असेल, तर तो रांजणात सतत पाणी ओतीत असतो. अशा वेळी गळती कमी झाली की त्याची प्रत्येक घागर अधिक उपयोगी पडते. रांजण मात्र आरंभी एकदाच भरलेला मिळतो. यास्तव चिवटपणाचे मूल्यदेखील जोडीदार कोण यावर अवलंबून राहते.

४. आधी पदक, मग चिलखत

सामग्रीचा क्रम लावताना सर्वांत प्रथम घ्यावयाची वस्तू मात्र यांपैकी कोणतीच नव्हे. ती म्हणजे 'मेडॅलियन' नावाचे एक लहानसे पदक. इतर खेळाडूंशी लढून मिळालेले मानांक खर्चून ते घेता येई. ते वापरले असता मूर्च्छा, भय, मोहन इत्यादी ज्या प्रयोगांनी पात्र खेळाडूच्या ताब्यातून जाते त्या सर्वांतून तत्काळ सुटका होई. मात्र एकदा वापरल्यावर दोन मिनिटे ते पुन्हा वापरता येत नसे. या प्रयोगांस आपण आपल्याकडील जुनाच शब्द योजून 'स्तंभन' म्हणू.

या पदकाचे महत्त्व प्रस्तुत लेखकास अनुभवाने कळले. पुरोहिताचे पात्र घेऊन खेळताना पहिले मानांक त्याने चिवटपणाने युक्त अशा एका झग्यावर खर्च केले. हिशेब पाहता झगा उत्तमच होता. पहिल्याच लढतीत एका अदृश्य मारेकऱ्याने येऊन चार सेकंदांची मूर्च्छा आणली व ती संपताच सहा सेकंदांची दुसरी. दहा सेकंदपर्यंत झगा आपले काम चोख करीत होता. मर्माघात थोडेच झाले. परंतु लेखक स्वतः काहीही करू शकत नव्हता, आणि जवळच त्याचा तरुण जोडीदार मदतीच्या प्रतीक्षेत पडला. लढत संपल्यावर तो काही बोलला नाही; त्याने केवळ "सर, पदक घेतलं नव्हतं?" एवढेच विचारले. चिलखत प्राण वाचविते. पदक कृतीचा अधिकार परत देते, हा भेद त्या एका प्रश्नाने स्पष्ट झाला.

पदक मिळाले तरी ते केव्हा वापरावे हा विवेक उरतोच. वरील प्रसंगी पहिल्या, चार सेकंदांच्या मूर्च्छेवर ते खर्च केल्यास सहा सेकंदांची दुसरी मूर्च्छा निरुपायाने सोसावी लागते. शिवाय एकाच जातीचे स्तंभन थोड्या अवधीत पुनःपुन्हा केल्यास त्याची मुदत प्रथम पूर्ण, मग अर्धी, मग पाव अशी घटत जाई आणि त्यानंतर ते लागूच पडत नसे. तेव्हा आखूड झालेल्या स्तंभनावर पदक उधळणे हा अपव्यय होय.

सारांश, त्या काळच्या नवख्यासाठी क्रम असा सांगता येईल : प्रथम पदक, नंतर स्वस्तात मिळणाऱ्या, चिवटपणा व स्टॅमिना असलेल्या वस्तूंनी जास्तीत जास्त अवयव झाकणे, त्यानंतर अचूकता मानवी प्रतिस्पर्ध्यापुरती, अधिक नव्हे, आणि शेवटी आक्रमक गुण. यास अपवाद आहेत. योद्ध्याचे बळ बहुतांशी शस्त्रावर अवलंबून असल्याने त्यास शस्त्राची निकड लवकर भासते. पुरोहितावर प्रतिपक्ष बहुधा आधी तुटून पडतो, म्हणून त्याने चिवटपणास अधिक झुकते माप द्यावे.

५. समतेचा प्रश्न

येथवर आपण नियम स्थिर धरून विचार केला. परंतु या निवडीमागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. आखाड्यातील विजय कौशल्याचा की सामग्रीचा? नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या हंगामापासून उत्तम शस्त्रासाठी १८५० व स्कंधत्राणासाठी २००० इतका गुणांक मिळविणे आवश्यक झाले. म्हणजे जो आधीच जिंकत होता त्यालाच अधिक चांगले शस्त्र मिळे. नवख्याच्या वाट्याला मात्र पूर्वीच्या एखाद्या हंगामातील, मानांकांनी मिळणारी सामग्री येई. ही सोय लहान नव्हती. तिच्यामुळेच त्याला उभे राहण्यापुरती जागा मिळत होती.

पुढे निर्मात्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली. २०१४ च्या विस्तारात चिवटपणा हा गुण सामग्रीवरून काढून टाकण्यात आला. २०१६ मध्ये 'लीजन' या विस्ताराने टोकाचे पाऊल उचलले : आखाड्यात शिरताच प्रत्येकाचे गुण त्याच्या वर्गासाठी ठरविलेल्या साच्याप्रमाणे बसविले जाऊ लागले, आणि स्वतःच्या सामग्रीचा प्रभाव नाममात्र उरला. विषमता बहुतांशी गेली. परंतु तिच्याबरोबर निवडही गेली. २०१८ मध्ये ही साचेपद्धती रद्द झाली व सामग्री परत आली. २०२१ मध्ये आखाड्याच्या सामग्रीची पातळी मानवी प्रतिस्पर्ध्याशी लढतानाच वाढावी, अशी योजना झाली; त्यामुळे राक्षसांकडून मिळविलेल्या वस्तूंचा वरचष्मा कमी झाला.

हा इतिहास केवळ एका खेळाचा नाही. ज्या व्यवस्थेत सर्व घटक एकसारखे केले जातात तेथे अन्याय उरत नाही, पण निवडीस अर्थही उरत नाही. कारण अर्थ भेदातून निर्माण होतो. उलट भेद अमर्याद वाढू दिले, तर नवख्यास बोलण्यापूर्वीच गप्प बसविले जाते. निर्मात्यांस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थांबावे लागले. नवखा आखाड्यात आला, हरला, आणि आपण का हरलो हे त्यास कळले, तर तो पुन्हा येतो. का हरलो हेच कळले नाही, तर तो परतत नाही. पहिल्या सामग्रीची विचारपूर्वक निवड महत्त्वाची ठरते ती या कारणाने. तिने विजय मिळेलच असे नाही. मात्र पराजय समजण्याइतका वेळ ती निश्चित मिळवून देते, आणि शिकणाऱ्याला प्रारंभी तेवढाच वेळ हवा असतो.