महाविद्यालयीन विषयांची निवड : पूर्वनियोजनाची आवश्यकता

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील भालकी, औराद, आळंद आदी तालुक्यांत अनेक विद्यार्थी मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होतात. त्यानंतर पी.यू.सी.चे विषय पुष्कळदा मित्राचे पाहून निवडले जातात. वास्तविक प्रथम ध्येय निश्चित करावे व तेथून मागे मोजत यावे.

बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात पशुवैद्यकाची पदवी घ्यावयाची असल्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र आवश्यक ठरतात. अभियांत्रिकीस गणित हवेच. येथे सोडलेला विषय पुढे सहसा हाती लागत नाही. विज्ञानाचे अध्यापन बहुधा इंग्रजीतून होत असल्याने दहावीच्या सुट्टीतच पारिभाषिक शब्दांची वही तयार करावी.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (जे) अन्वये काढलेल्या २०१३ च्या आदेशानुसार या विभागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के, तर राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा स्थानिक विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. त्यासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्र वेळेपूर्वीच मिळवून ठेवावे. बारावीसाठी उदगीर वा लातूरला जाऊ इच्छिणाऱ्यांनी कर्नाटकातील प्रवेशपात्रतेवर त्याचा काय परिणाम होईल, याची आधी चौकशी करावी.

शिक्षकांनी नववीतच हा विषय पालकांसमोर मांडल्यास अनेकांचे वर्ष वाया जाणे टळेल.