कार्यप्रत बंद करण्यापूर्वीं

उल्हासनगरांत एखाद्या भाडेकरूनें खोली सोडली, पण घरमालकाच्या वहींत त्याचें नांव तसेंच राहिलें, तर नवा भाडेकरू दारांतच अडतो. अंबरनाथ-बदलापूरकडे घरीं बसून प्रोग्राम लिहिणाऱ्यांस ‘गिट’मध्यें हाच अनुभव येतो. फेरफारांची नोंद ठेवणारें हें साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलें. एकाच संग्रहाच्या अनेक कार्यप्रती उघडण्याची ‘वर्कट्री’ ही सोय त्यांत २०१५ मध्यें आली. काम संपतांच कार्यप्रतीचें फोल्डर हातानें पुसलें, तर संग्रहांतील नोंद मागें उरते, आणि तीच शाखा दुसरीकडे उघडूं जातां गिट नकार देतें. ‘गिट वर्कट्री प्रून’ ही आज्ञा दिली कीं ती शिळी नोंद जाते.

सरळ मार्ग ‘गिट वर्कट्री रिमूव्ह’ हा होय. न नोंदविलेले बदल किंवा नव्या फायली उरल्या असतील, तर ही आज्ञा अडून बसते. अशा वेळीं उतावीळपणें ‘फोर्स’ जोडणाऱ्याचें तें काम कायमचें बुडतें. नोंदविलेलें तेवढें संग्रहांत राहतें. शिवाय, दुर्लक्ष करण्यास सांगितलेल्या फायली, मग त्यांत परवलीचे शब्द कां असेनात, गिट न विचारतांच पुसतें. म्हणून आधीं ‘गिट स्टेटस --इग्नोर्ड’ या आज्ञेनें कोनाकोपरा पाहावा, आणि मगच खोलीला कुलूप घालावें.