टोरंटोतला 1 जुलै

सकाळी आठ. कॅनडा डेची सुट्टी. बँका, कचेऱ्या बंद. रस्त्यावर लाल टी-शर्ट. आइस हॉकीच्या धंद्यात मात्र वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस हाच. 2025चा 1 जुलै: दुपारी ठीक 12 वाजता करार संपलेले खेळाडू मोकळे होणार आणि एनएचएल या लीगच्या 32 संघांपैकी कुणीही त्यांना घेऊ शकणार. टीव्हीवरची तज्ज्ञमंडळी कोट घालून केव्हाच बसलीत. मी पोहे भिजवतो.

नऊला जुनं उगाळणं सुरू. टोरंटोच्या मेपल लीफ्सनी मोसमात 108 गुण मिळवून गटात पहिला नंबर काढला, मग प्लेऑफमध्ये ओटावाला हरवलं, फ्लोरिडावर 2-0 आघाडी घेतली, आणि 18 मे रोजी सातव्या सामन्यात घरच्या बर्फावर 1-6 असा मार खाल्ला. लोकांनी जर्स्या बर्फावर फेकल्या. लीगचा विजेतेपदाचा स्टॅनली कप इथे शेवटचा आला 1967 साली. मग अध्यक्ष ब्रेंडन शॅनाहान गेले, आणि काल स्टार खेळाडू मिच मार्नर.

दहा वाजता चर्चा त्याचीच. जन्म इथल्याच मार्कमचा. मोसमात गोल आणि गोलला लावलेले हातभार मिळून 102 गुण. आज बाराला तो मोकळा झाला असता आणि संघाच्या हाती धुपाटणं आलं असतं. म्हणून काल लीफ्सनी त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलर, आणि त्याच दमात त्याला वेगासला धाडून निकोला रॉय घेतला. 2025च्या नियमाने आठ वर्षं फक्त जुना संघच देऊ शकत होता, नव्याला सातच. म्हणजे एका जादा वर्षाच्या बदल्यात एक सेंटर, म्हणजे मधल्या जागेचा खेळाडू. गाव याला गद्दारी म्हणतंय. मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. त्याच्या मर्जीशिवाय बदली नाही, हे कलम संघानेच तर लिहून दिलं होतं.

अकराला शेजारी डोकावलो. वहिनी मुलाच्या जर्सीवरचा मार्नरचा 16 नंबर उसवत बसल्या होत्या. टाके बारीक आणि दुहेरी, ब्लेडचं टोक सारखं निसटत होतं. आकडा निघाला तरी 16 वाचता येतच होता, कारण त्याच्याखालचं कापड गर्द निळं आणि बाकीचं धुऊन धुऊन विटलेलं. मुलाला आता 23 हवा होता, मॅथ्यू नाईजचा.

"काका, त्याने सहा वर्षांचा करार केलाय. तो नाही ना जाणार?"

करार सहा वर्षांचा म्हणजे माणूस सहा वर्षं इथेच, असं हॉकीत नसतं. सुट्टीच्या दिवशी पोराला हे कशाला सांगा!

बारा. नियमाने याआधी परक्या संघाने खेळाडूशी बोलायचंही नाही. तरी लगेचच सात-सात वर्षांचे करार जाहीर होऊ लागतात. गॅवरिकोव्ह लॉस एंजेलिस सोडून न्यूयॉर्क रेंजर्सकडे, वर्षाला 70 लाख डॉलर. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, दादाचा फोन. "म्हणजे तुमचा आयपीएलचा लिलावच की रे." "नाही दादा, इथे बोली संघ लावतात, पण हातोडा खेळाडूच्या हातात." शिवाय पगाराची कमाल मर्यादा: 2025-26 मोसमासाठी प्रत्येक संघाला 9 कोटी 55 लाख डॉलर. लीफ्सचा जॉन टॅव्हेरस 1 कोटी 10 लाखांवरून सुमारे 44 लाखांवर राजी झाला, तेव्हा कुठे हिशेब जमला.

दोनच्या सुमारास लीफ्सची घोषणा येते: मायकेल पेझेटा, मॉन्ट्रियलहून. वर्षाला 7,87,500 डॉलर. लीगचा किमान पगार तेव्हा 7,75,000. टोरंटोचाच मुलगा. त्याची बातमी पडद्यावर दोन मिनिटंही टिकत नाही.

तीननंतर मंडळी बेसबॉलकडे वळली. इथल्या ब्लू जेजनी न्यूयॉर्क यांकीजना 12-5 धुतलं. हॉकीच्या गावात दिवसाचा आनंद बेसबॉलने दिला.

रात्री दहाला अॅशब्रिजेस बेवर आतषबाजी. मी वहीत मांडून पाहिलं: आले रॉय, युटा संघाकडून घेतलेला माचेली, पेझेटा, गेले 102 गुण. खालच्या फळ्या भक्कम झाल्या, पहिली फळी उणी झाली. ही उणीव आज कुणी भरली नाही, आणि बाजारात भरण्याजोगा माणूसही नव्हता.

नवा मोसम 8 ऑक्टोबरला मॉन्ट्रियलविरुद्ध घरीच सुरू झाला. लीफ्स 5-2 जिंकले.